केंट विरुद्ध सुप्रीम कोर्ट

अल क्वोज, दुबई
४ मे २०२५

प्रिय ऑस्कर,

परवा तू फोन आपटलास, त्याची खरी किंमत सांगतो. कॉल ॲपवरून होता, म्हणजे फुकट. पण तू फोन ठेवल्यावर मी कॅमिलाला म्हणालो, "बघितलेस तुझ्या होणाऱ्या व्याह्यांचे मॅनर्स?" ती म्हणाली, "त्याआधी केंटला खेडं कोण म्हणालं?" आणि तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. तीन दिवस मी वर्कशॉपमागच्या कॅफेटेरियात जेवलो. बहात्तर दिरहम, म्हणजे साडेसोळाशे रुपये. वर ॲसिडिटीच्या गोळ्या. शिवाय तू पाठवलेली वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी तिने कपाटात कुलूपबंद केली, ते वेगळंच.

एका फोनला एवढा खर्च परवडत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो. पत्रात एकाला गप्प बसावंच लागतं. माझा स्टोअरकीपर उमर उद्या रत्नागिरीला चाललाय, तो मुंबईत उतरला की पोस्टात टाकेल. इथे सातव्या मजल्यावरच्या खोलीत आपण आठ जण राहत होतो, तेव्हा गावी जाणाऱ्याच्या बॅगेत आपण असेच कागद कोंबायचो.

मुद्द्यावर येतो. तुझ्या ॲड्रियनने आणि माझ्या सोफियाने लग्न ठरवलंय. आपल्याला न विचारता ठरवलंय, आणि तरीही ते आपल्याला पसंत आहे. इथपर्यंत भांडण नाही. पण सोफियाची सुप्रीम कोर्टात एका न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून निवड झालीय, जुलैपासून एक वर्ष. आणि तू म्हणतोस, लग्न झालं की तिने ते सोडून इंग्लंडला, ॲड्रियनकडे केंटला जावं.

अरे, सुप्रीम कोर्ट! देशात त्याच्या वर काही नाही. केंटच्या वर लंडन आहे, आणि आजूबाजूला तसेच पन्नासेक जिल्हे. खेडं म्हणालो ते चुकलं, शब्द मागे घेतो. जिल्हा म्हणतो. उद्या आपल्या पालघर जिल्ह्यातून कोणी सुप्रीम कोर्टात गेलं, तर आपण पेढे वाटू की जिल्ह्यासाठी रडत बसू?

तुझा,
जेरार्ड

•

वसई
१५ मे २०२५

श्री. जेरार्ड यांस,

आपलं पत्र मिळालं. मिल्ड्रेडने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'जिल्हा' या शब्दाला ती हसली. ती नक्की कोणाच्या बाजूने आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आपण तीस वर्षं लोकांचे एसी थंड केलेत, स्वतःचं वर्कशॉप उभं केलंत, त्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे इंग्लंडचा नकाशा बदलत नाही. केंटमध्ये पंधरा लाखांवर माणसं राहतात. समुद्र आहे, किल्ले आहेत, जगातून लोक बघायला येतात असं कॅथेड्रल आहे. सफरचंद, चेरी, स्ट्रॉबेरी. अख्खं इंग्लंड त्याला आपली बाग म्हणतं. आणि त्या बागेतल्या फळं साठवणाऱ्या एका मोठ्या पॅकहाउसचा मॅनेजर आमचा ॲड्रियन आहे. राहायला घर आहे, मागे झाडं आहेत.

आपल्या सुप्रीम कोर्टात काय पिकतं? तारखा.

आता माझं म्हणणं स्वच्छ लिहितो. नाताळनंतर वसईत लग्नाची तारीख मिळणं किती कठीण, हे आपल्याला ठाऊक आहे. फादरनी आपल्यासाठी २९ डिसेंबर धरून ठेवलाय, पण फक्त ३१ जुलैपर्यंत. लग्नानंतर नवरा एका देशात आणि बायको दुसऱ्या देशात, असा संसार मी माझ्या घरात होऊ देणार नाही. सोफियाने केंटला जायचं कबूल करावं. नाहीतर मी फादरना तारीख सोडायला सांगतो.

आपला,
ऑस्कर

ता. क. सुकेळीचं आणखी एक पुडकं पाठवतोय. ते कॅमिलासाठी आहे.

•

अल क्वोज, दुबई
२७ मे २०२५

आदरणीय श्री. ऑस्करसाहेब,

'आपण' वाचून मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. एकाच बादलीत कपडे धुतलेल्या माणसाने मला 'आपण' म्हणावं! ठीक आहे, मीही म्हणून बघितलं. मला ते 'साहेब'च्या पुढे जमत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी शांत डोक्याने दोन्ही ऑफर शेजारी शेजारी मांडल्या. इथे आपण ज्या चार गोष्टी आधी विचारतो त्याच घेतल्या: पगार, अकोमोडेशन, तिकीट, मेडिकल. सोफियाला फोन लावला.

"तिकीट देतात का वर्षाला?"

"डॅडी, इट्स द सुप्रीम कोर्ट. नॉट अ कंपनी."

"बरं, अकोमोडेशन? शेअरिंग की सिंगल?"

"डॅडी, प्लीज."

"मेडिकल तरी?"

"आय विल रीड केसेस फॉर अ जज. ऑल डे. डू यू अंडरस्टँड व्हॉट दॅट मीन्स?"

मी म्हणालो, समजतं. खरं तर तिच्या 'ऑल डे'मध्ये जो आनंद होता, तो मला समजला. माझे कान तुला माहीत आहेत. कॉम्प्रेसर चालू झाला की तो किती दिवस टिकेल, हे मी जिन्यातून सांगतो. त्या पोरीचा आवाज नव्या मशीनसारखा चाललाय, ऑस्कर, एक खरखर नाही.

मग मी आकडे काढले. तुझ्या केंटमध्ये पंधरा लाख माणसं. सुप्रीम कोर्टाचा शब्द लागू होतो एकशे चाळीस कोटींना. केंटला समुद्र आहे, कबूल. पण समुद्राला कोणी कधी अपील केलंय का?

उमर परत आलाय. तो मालाची यादी करता करता सगळं ऐकत होता. म्हणाला, "बॉस, एक जागा आहे, एक काम आहे. जागा आणि काम कसं हो मोजणार? फ्रीज मोठा की शुक्रवार मोठा, असं झालं हे." मी त्याला गॅसचे सिलिंडर मोजायला पाठवलं.

पण माझाही प्रस्ताव लिहून ठेव. ॲड्रियननेच दिल्लीला यावं. दिल्लीच्या आसपास कोल्ड स्टोरेज काय कमी आहेत? माझ्या ओळखी आहेत. मॅनेजरला मॅनेजरची जागा मिळेल, इन्शाल्ला.

तुझाच (आपला नाही),
जेरार्ड

•

वसई
७ जून २०२५

जेरार्ड,

माझा मुलगा इंग्लंड सोडून दिल्लीला येणार नाही. तो हे तुला स्वतः सांगेल. त्याला मी फोन करायला सांगितलंय. फोनवर त्याला बोलू दे, तू ऐक.

फादरनी काल मिस्सानंतर विचारलं, "मग, नक्की ना?" मी म्हणालो, "जुलैत सांगतो." मिल्ड्रेड माझ्याकडे बघत राहिली.

ऑस्कर

•

अल क्वोज, दुबई
१९ जून २०२५

प्रिय ऑस्कर,

तू सांगितलंस ऐक, म्हणून मी ऐकलं.

परवा उम्म अल कुवैनला मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं काम आटपून गाडीत बसलो होतो. बाहेर सेहेचाळीस डिग्री. ॲड्रियनचा फोन आला. "गुड आफ्टरनून अंकल. मी ऑफिसमधून बोलतोय." आणि त्याने भाषण सुरू केलं. पाठ केलेलं होतं. केंटमध्ये स्कोप, करिअर, ग्रोथ. मधूनमधून तुझी वाक्यं जशीच्या तशी येत होती.

पण त्याच्या मागे पंखा फिरत होता. साधा पंखा नव्हे. घर्रघर्र, आणि दर चौथ्या-पाचव्या फेऱ्याला बारीक टक. मी एक मिनिट थांबलो, दुसऱ्या मिनिटाला राहवलं नाही.

"ॲड्रियन, बाबा, तुझ्या डोक्यावर कोल्ड रूमच्या इव्हॅपोरेटरचा फॅन आहे ना?"

"हो अंकल."

"डाव्या बाजूचं बेअरिंग चाललंय. आज रात्री जाईल, फार तर उद्या. आत माल आहे?"

"आहे अंकल. गेल्या सीझनची सफरचंदं. दोनशे टन."

"मग माझ्याशी काय बोलतोस? यल्ला, बंद कर आणि खोल!"

त्याने फोन ठेवला. दोन तासांनी पुन्हा आला. या वेळी भाषण नाही, दम लागलेला. "अंकल, बेअरिंग निळं पडलं होतं. तुम्हाला तिथून कसं ऐकू आलं?" मग आम्ही पाऊण तास बोललो. ग्रीस कुठलं वापरतात, पावसाळी हवेत कॉइलवर बर्फ कसा धरतो, डोअर गॅस्केट कुठे फाटतात. तो पोरगा स्वतः शिडीवर चढून बेअरिंग बदलतो, ऑस्कर. स्वतःच्या हाताने. मॅनेजर शिडीवर काय करत होता, हे मी त्याला विचारलं नाही आणि तुलाही विचारत नाही. मीही शिडीवरूनच वर आलोय. उलट आता मला तो जास्त आवडतो.

पण शेवटी त्याने हळूच एक वाक्य म्हटलं, तेही लिहितो. "अंकल, सोफियाने दिल्ली सोडू नये असं मला वाटतं. फक्त हे डॅडना सांगायला जमत नाही."

खलास. त्याला जमत नाही, मी सांगितलं.

जेरार्ड

•

वसई
२९ जून २०२५

जेऱ्या,

टेक्निशियन आहे तो. मला माहीत होतं. त्याची कंपनी त्याला मॅनेजर करणार आहे, पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या. मी लोकांना थोडं आधी सांगितलं, एवढंच. चर्चच्या पायऱ्यांवर सगळेच थोडं आधी सांगतात.

तुझ्या पत्राने मला हसू आलं, रागही आला. माझ्या मुलाने स्वतःच्या मनातलं मला न सांगता तुला सांगावं!

पण माझं म्हणणं तेच आहे. लग्न करायचं आणि वेगळं राहायचं, हे मला चालणार नाही. एक वर्ष म्हणतात, मग दोन होतात. संसार असा होत नसतो. मी ३१ तारखेला फादरकडे जाणार आहे. त्याआधी सोफियाने ठरवावं. केंट की कोर्ट.

ऑस्कर

•

अल क्वोज, दुबई
१२ जुलै २०२५

प्रिय ऑस्कर,

तुझं पत्र या वेळी कॅमिलाने उघडलं. मी जेवत होतो. तिने शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"जेरार्ड, आपलं लग्न कधी झालं?"

"शहाण्णव."

"मी दुबईला कधी आले?"

"दोन हजार पाच."

"मधली नऊ वर्षं तू कुठे होतास? केंटला?"

मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो.

"नऊ वर्षांत आपण एकत्र किती दिवस राहिलो, सांगू? दोनशे अकरा. माझ्याकडे कॅलेंडरं आहेत. तुझ्या सुटीचे दिवस मी लाल पेनने गोल करायचे." मग म्हणाली, "आणि तुम्ही दोघं एका वर्षासाठी या पोरांचं लग्न मोडायला निघालात! तू तिला दिल्ली सोडू नको म्हणतोस, तो तिला केंटला पाठवा म्हणतो. तिला काय हवं ते विचारलंत का दोघांपैकी एकाने तरी?"

मी म्हणालो, "मी पॅकेज विचारलं होतं."

ती हसली नाही. उठून तिने मिल्ड्रेडला स्पीकरवर फोन लावला आणि दार लावून घेतलं. दीड तास. माझे कान कितीही तिखट असले तरी त्या दारातून मला फक्त एक शब्द ऐकू आला, दोघींच्या तोंडून पुन्हा पुन्हा: "बॅचलर."

आठवतं? घरी बायको, घरी मूल, आणि खोलीच्या करारावर छापलेलं: बॅचलर अकोमोडेशन. आठ लग्न झालेले बॅचलर. तुला आपण त्याला हसायचो ते आठवत असेल. मला आता एअरपोर्ट आठवतोय. कॅमिला सोफियाला घेऊन पहिल्यांदा आली तो दिवस. पोर चार वर्षांची. मी तिला चॉकलेट दिलं. ती म्हणाली, "थँक यू, अंकल."

हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

म्हणून मी माझा प्रस्ताव मागे घेतो. ॲड्रियनने दिल्लीला येऊ नये. सोफियाने केंटला जाऊ नये. पुढच्या जुलैपर्यंत दोघं आपापल्या जागी राहोत आणि लग्न २९ डिसेंबरलाच होऊ दे. सोफियाला शेवटी मी विचारलं. ती म्हणाली, "डॅडी, आम्ही हेच ठरवलं होतं. यू बोथ नेव्हर आस्क्ड."

आणि काळजी करू नकोस, दिल्लीत तिचं उत्तम लागलंय. मागच्या आठवड्यात ती रुजू झाली. राहायला कोर्टाजवळच फ्लॅट मिळालाय, चांगला, हवेशीर. वर्कशॉपमध्ये मी सगळ्यांना सांगितलंय. बायकोमुलांपासून लांब राहिलेल्या बापाची मुलगी दिल्लीत पहिल्या दिवसापासून फ्लॅटमध्ये! आपल्याला आठवं माणूस म्हणून जागा मिळायला तीन आठवडे लागले होते.

आता तू ठरव. ३१ तारीख तुझी आहे.

जेरार्ड

•

वसई
२५ जुलै २०२५

जेऱ्या,

तुला वाटलं मला ते दिवस आठवत नाहीत? आठवतात म्हणूनच तर अडून बसलो होतो.

तू नऊ वर्षांनी कॅमिलाला आणलंस. मिल्ड्रेडला मी कधीच आणू शकलो नाही. अठरा वर्षं. एकदा सुटी संपवून निघालो तेव्हा ॲड्रियन दोन वर्षांचा होता. मला वाटलं रडेल. त्याने हात हलवला आणि खेळायला पळाला. टॅक्सी वळेपर्यंत मी बघत होतो, त्याने मागे बघितलं नाही. माझ्या मुलाच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याला मी केंट हे नाव दिलं, कारण 'मला भीती वाटते' असं व्याह्याला लिहिता येत नाही.

हे मी काल मिल्ड्रेडला सांगितलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही दर सुटीला म्हणायचात, अजून दोन वर्षं. मी कधी तारीख मागितली नाही, कारण तुमच्याकडे ती नव्हती. या मुलांकडे तारीख आहे. पुढचा जुलै. माझ्या वाट्याला काय होतं माहीत आहे? शेजारच्या घरी फोन यायचा, दहा मिनिटं, आणि त्यातली चार तुम्ही भाताचं काय झालं ते विचारायचात. ही दोघं रोज संध्याकाळी तासभर तोंड बघून बोलतात. सोफिया मलाही फोन करते. तुम्हाला करत नाही, कारण तुम्ही तिला केंटचे फायदे सांगता."

मग ती म्हणाली, "उद्या चला माझ्याबरोबर."

आज आम्ही दोघं फादरकडे गेलो. सहा दिवस राखून. मी म्हणालो, "फादर, नक्की." त्यांनी वहीत लिहिताना विचारलं, "मुलगा कुठे असतो?" "केंट, इंग्लंड." "मुलगी?" मी छाती काढून म्हणालो, "सुप्रीम कोर्ट!" फादर म्हणाले, "ऑस्कर, मी पत्ता विचारतोय."

मिल्ड्रेड बाहेर येईपर्यंत हसत होती. बँड ठरवतोय. तू खर्चात अर्धा आहेस. नाचात पूर्ण.

तुझा व्याही,
ऑस्कर

•

अल क्वोज, दुबई
११ जानेवारी २०२६

प्रिय व्याहीबुवा,

काल पोचलो. घसा अजून बसलेला आहे, कमरेत उसण आहे आणि माझे चांगले बूट तुमच्या अंगणात राहिलेत. बँडवाल्याने निघताना मला विचारलं, "अंकल, तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" मी म्हणालो, "मला आता आठवत नाही." तू त्या वेळी ट्रॉम्बोनवाल्याची टोपी घालून अंगणाच्या मधोमध होतास. मिल्ड्रेड आणि कॅमिला एकमेकींचा हात धरून नाचत होत्या, आणि मी एवढी वर्षं त्या दोघींना फक्त आपल्या दोघांच्या बायका समजत होतो. तळणीतले फुगे संपले तरी लोक ताट घेऊन उभे होते. इथे उमरला व्हिडिओ दाखवला, तो म्हणाला, "बॉस, कोण जिंकलं? केंट की कोर्ट?" मी म्हणालो, "बँड."

तू निघताना दोनदा विचारलंस, "दिल्लीचं घर कसं आहे, जाताना बघून कळव." तर कळवतो. पोरांना घेऊन आम्ही दिल्लीत तीन दिवस होतो.

आधी ॲड्रियनचं. विमानात तो माझ्या शेजारी होता. म्हणाला, केंटमधल्या त्या घरात चौघं राहतात. स्वयंपाकघर एक, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, कप्प्यावर नाव. मागे झाड आहे. एक. मी एवढा हसलो की एअर होस्टेस पाणी घेऊन आली. मी त्याला म्हणालो, "काही काळजी करू नको. सोफियाकडे फ्लॅट आहे, मोकळं घर, तू आरामात राहा." सोफिया खिडकीतून बाहेर बघत होती.

आता मी सांगितलेल्या फ्लॅटचं. गल्ली अरुंद आहे, टॅक्सी आत जात नाही. पाटीवर 'गर्ल्स पीजी' लिहिलंय. जावयाला गेटच्या आत सोडत नाहीत, म्हणून त्या तीन संध्याकाळी ती दोघं खाली चहाच्या टपरीवर बसून गप्पा मारत होती, आणि हसत होती, तो आवाज मला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता. मला बाप म्हणून वर जाऊ दिलं, पाच मिनिटं. तिसरा मजला. टेबलावर फायलींचा ढीग, तिने माझ्यासाठी एक उघडून दाखवली. वाचता येत होतं तेवढं वाचलं.

खोलीत तीन खाटा आहेत. सोफियाची दाराजवळची.

तुझा,
जेरार्ड